आईची अर्धी फणी

सरहद्दीपलीकडच्या मुआरहून येणारी बस उशिरा आली आणि तोआ पायोतल्या उंच इमारतीची लिफ्ट नवव्या मजल्यापलीकडे जातच नव्हती. त्यामुळे मामा शेवटचा जिना चढून च्वानच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा पारा आधीच चढलेला होता. बगलेत छत्री होती, हातात तांबड्या दोऱ्याची पुडी. बहिणीला जाऊन आज शंभर दिवस झाले होते. माहेरचा माणूस आल्याशिवाय बाईचे सुतक फिटत नाही, आणि ही गोष्ट मामा स्वतःही कधी विसरत नसत आणि दुसऱ्याला विसरू देत नसत.

दार उघडायला च्वानच आला. थोरला मुलगा, सरकारी नोकर, अंगात पांढरा सदरा, उजव्या बाहीवर सुतकाचा काळा तुकडा.

"या मामा. बस लागली का?"

मामा त्याच्या डोक्याकडे बघत राहिले.

"हे काय?"

"काय मामा?"

"तुझे कान दिसतायत."

च्वानचा हात नकळत कानाकडे गेला. आत टेबलावर बदक मांडणारी त्याची बायको स्यू हून जागच्या जागी थांबली. गेले पंधरा दिवस ती याच क्षणाला भीत होती, आणि मामांना चष्मा लागतो यावर तिने भलताच भरवसा ठेवला होता.

"ऑफिसात भाग पाडलं, मामा," ती बाहेर येत म्हणाली. "साहेबांनी दोनदा बोलावून सांगितलं. बाहीवरचा तुकडा राहू दे म्हणाले, पण केस कानावर आलेले चालणार नाहीत. सगळीकडे तेच चाललंय सध्या. तुम्ही नाक्यावर पाट्या पाहिल्या असतील."

"पाहिल्या," मामा चपला काढत म्हणाले. "कस्टमवाल्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हसला. मी म्हटलं, बाबा, इच्छा होती, पण साधलं नाही."

मामांच्या डोक्यावर गेली तीस वर्षे एक केस नव्हता. एरवी यावर सगळे हसले असते. आज कोणी हसले नाही, कारण मामाही हसत नव्हते. आई गेल्यावर शंभर दिवस मुलाने डोक्याला कात्री लावायची नाही, हे च्वानला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? वडील गेले तेव्हा त्यानेच पाळले होते ते, कॉलर झाकली जाईपर्यंत. तेव्हा लोक त्या केसांकडे बघून मान तुकवायचे. आता त्याच लांबीच्या केसांसाठी सरकारने भिंतीभिंतीवर पाट्या लावल्या होत्या, की लांब केसांच्या पुरुषांचे काम सर्वांत शेवटी केले जाईल. त्यातली एक पाटी च्वानच्या काउंटरवर, थेट त्याच्या डोक्यामागेच होती.

"आणि तो कुठाय?" मामांनी विचारले.

'तो' खिडकीशी बसला होता. धाकटा लेंग. सिनेमाचे मोठमोठे बोर्ड रंगवायचा, नखांत कायम निळा नाहीतर पिवळा रंग. केस खांद्याच्याही खाली आलेले, मागे रबरात बांधलेले. मामांना बघून तो उठला.

"ये रे बाळा," मामा म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बघू तुला. बहिणीच्या नावाने एकाने तरी राखलं म्हणायचं."

च्वानला ते 'बाळा' चांगलेच झोंबले. नव्या वर्षाला याच मामांनी लेंगबरोबर एका टॅक्सीत बसायला नकार दिला होता. उनाड म्हणाले होते, बायकी म्हणाले होते, आईला तोंडावर सांगितले होते की हा तुझी लाज काढणार. केस तेच, डोके तेच, मधल्या काळात आई तेवढी गेली होती. आणि लेंग काही न करता, अक्षरशः काहीही न करता, घरातला पुण्यवान मुलगा होऊन बसला होता.

टेबलाच्या मध्यभागी घराण्याचे कुंड होते. उदबत्त्यांचे, पितळेचे, तीन पिढ्यांच्या राखेने भरलेले. आईसाठी शंभर दिवस वेगळी उदबत्ती लावली होती ती एका साध्या डब्यात. आज त्या डब्यातली राख कुंडात ओतायची, म्हणजे आई बाबांच्या, आजोबांच्या पंगतीत जाऊन बसणार. जो राख ओततो, कुंड त्याच्या घरी जाते, हा या लोकांचा नियम. आजवर ते पोतोंग पासिरच्या जुन्या घरात होते, आईपाशी, आणि आईपाशी राहणाऱ्या लेंगपाशी. ते घर आता पाडायला काढले होते. च्वानने आपल्या नव्या फ्लॅटमध्ये सुताराकडून तांबडे फडताळ करून घेतले होते, वर छोटा दिवा बसवला होता. सकाळी तो कुंड आणायला निघणार, तोच खाली टॅक्सी थांबली. लेंगने कुंड पोटाशी धरलेले, आणि बहीण बी ल्यान त्यावर काळी छत्री धरून, दोघे हसतखेळत वर आले होते. पूर्वजांवर ऊन पडू नये म्हणून छत्री. ती छत्री कोणी धरायची, हेसुद्धा त्याला कोणी विचारले नव्हते.

"चला, अन्न निवतंय," मामा म्हणाले. "तिला विचारू जेवली का."

त्यांनी दोन नाणी ओंजळीत घेतली, कुंडापुढे वाकले आणि जमिनीवर टाकली. एक छापा, एक काटा आला तर जेवली. दोन्ही छापा पडले.

"अजून जेवतेय," बी ल्यान म्हणाली. "तिला बदक चावायला वेळ लागतो."

थोड्या वेळाने पुन्हा टाकली. दोन्ही काटा. तिसऱ्यांदा टाकली, तर एक नाणे घरंगळत फ्रिजखाली गेले. स्यू हूनने झाडूच्या दांड्याने ते बाहेर काढले तेव्हा पुन्हा दोन्ही छापाच निघाले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू च्वानच्या कानांवर येऊन थांबल्या.

मामा खुर्चीत बसले. छत्री त्यांनी गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली.

"राख लेंग ओतेल," ते म्हणाले.

"मामा, मी थोरला आहे."

"माहितीये मला. तुझ्या बारशाला मी होतो. पण सुतक ज्याने पाळलं तो ओतेल. तुझ्या साहेबाला काय वाटतं ते तुला जास्त महत्त्वाचं होतं, तर कुंडही साहेबाच्या टेबलावर ठेव."

"केस मी कापले, मामा," स्यू हून म्हणाली. तिचा चेहरा तापला होता. "याच स्वयंपाकघरात. हे नको म्हणत होते. बढती जाईल म्हणून मीच मागे लागले. बोलायचं तर मला बोला."

"तुला कशाला बोलू? तू तिच्या पोटची नाहीस."

सात वर्षे स्यू हूनने सासूच्या आवडीची लापशी दर रविवारी डब्यातून नेली होती. सासू ती चाखून म्हणायची, मीठ कमी. आणि लेंगने बाहेरून आणलेल्या तेलकट नूडल्स मात्र बोटे चाटून खायची. तो हिशेब स्यू हूनने मनात कधीच मिटवला नव्हता. आज तो पुन्हा वर आला.

"पण मामा, लेंग भाऊजींनी केस सासूबाईंसाठी कधी ठेवले?" ती म्हणाली. "त्या होत्या तेव्हाही तेवढेच होते ना?"

"बरोबर बोलली ती," च्वान उसळून म्हणाला. "आई जिवंत असताना होतेच की हे! ती काप काप म्हणून डोकं आपटत होती तेव्हा होते. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली तेव्हाही याने ऐकलं नाही. आता ती गेली, आणि तेच केस आईसाठी झाले? याने सोडलं काय? माझे तरी मी वाढवले होते. काउंटरवर बसून, लोकांचं ऐकून घेत वाढवले होते."

"आणि मग कापलेस," बी ल्यान म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"का नको? त्याला तू काउंटरवर शेवटी बसवलंस ते मामांना सांगू दे की मला."

लेंग म्हणाला, "ताई, जाऊ दे ना."

पण बी ल्यान कुठली जाऊ देते. आईच्या मृत्यूचा दाखला जोडून काही कागद करायचे होते म्हणून लेंग दादाच्या कचेरीत गेला होता. दादाने मान वर केली, मागच्या पाटीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, बाकावर बसा. सख्ख्या भावाला 'बसा' म्हणाला. सकाळी गेलेला लेंग जेवणाची सुट्टी झाली तरी तिथेच. हे सगळे तिने मामांना ऐकवले, आणि मामांचे ओठ अधिकाधिक आवळत गेले.

च्वानला ती सकाळ चांगली आठवत होती. लेंगला बाकावर बसवताना त्याला बरे वाटले होते, हे तो कोणाजवळ कबूल करणार नव्हता. जन्मात एकदा तरी लेंगने आपल्या मागे उभे राहावे, एवढेच त्याला हवे होते. पण लेंग बाकावर बसला आणि शेजारच्या म्हातारीशी गप्पा मारू लागला. तिने त्याला शेंगदाण्याची वडी दिली. शिपाई येऊन त्याला सिनेमातल्या नट्यांबद्दल विचारू लागला. अर्ध्या तासात ती सगळी रांग लेंगची झाली होती, आणि च्वान काचेमागे एकटाच शिक्के मारत बसला होता. त्याच दुपारी साहेबांनी त्याच्या कानांकडे बोट केले.

बी ल्यान बोलून थांबली, पण तिचे समाधान झाले नव्हते. धाकट्याची बाजू घेता घेता तिला मध्येच वाटले, आपण एवढे कोणासाठी भांडतोय? कुंड थोरल्याकडे जाईल नाहीतर धाकट्याकडे. लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे ते जावे असे मामांच्या स्वप्नातही येणार नाही. आईला शेवटची आंघोळ तिने घातली होती. आईची फणी रिवाजाप्रमाणे तिनेच मोडली होती, अर्धी आईच्या हाताशी शवपेटीत ठेवली आणि अर्धी घरासाठी, जुन्या घरातल्या फडताळावर. दुसऱ्या दिवशी ती अर्धी घ्यायला गेली, तर नव्हती. कोणी घेतली असेल याचा तिला अंदाज होता. विचारले मात्र नव्हते.

मामा बोलले, पण बोलले ते भलतेच.

"आमच्या बाबांची वेणी इथपर्यंत होती." त्यांनी कमरेशी हात लावला. "सगळ्या मुआरने कापल्या, त्यांनी नाही. धक्क्यावर हमालांचे मुकादम होते ते. ते निघाले की लोक बाजूला होऊन उभे राहायचे. पाठीवर ती वेणी अशी हलायची. बादशाही होती तोवर ज्याचे केस आखूड तो एकतर तुरुंगातून सुटलेला, नाहीतर भिक्षू. आणि बाबा त्या वेणीला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. फक्त तुमच्या आईला. ती एवढीशी होती, स्टुलावर उभी राहून विंचरायची. चहाच्या बियांचं तेल लावून. मी म्हणायचो मी पण विंचरतो, तर मला हाकलायचे." ते थांबले. सत्तरीच्या त्या माणसाच्या तोंडावर क्षणभर लहान मुलाचा रुसवा आला. "मी मुलगा. पण वेणी तिच्या हातात."

"म्हणूनच," लेंग हळू म्हणाला.

"काय म्हणूनच?"

"मला कळायचं नाही, ती असं का करते. सगळ्यांसमोर काप म्हणायची. तुम्ही आलात, दादा आला, की शिव्या घालायची. आणि दुपारी सगळं आवरलं की स्टूल ओढून माझ्या मागे बसायची. गप्प बस म्हणायची, हलू नकोस. तेल लावून विंचरायची. वेणी घालायची आणि मग सोडून टाकायची."

"आई तुझे केस विंचरायची?" च्वानने विचारले.

"रोज नाही. पण बऱ्याचदा."

"बोलला नाहीस कधी."

"तिनेच सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस. लोक हसतील."

च्वान खाली बसला. शाळेत घातले त्या दिवशी आईने त्याला न्हाव्याकडे नेऊन डोके बारीक करून आणले होते, आणि म्हणाली होती, आता तू मोठा. त्यानंतर तिचा हात त्याच्या डोक्यावर कधी आला, हे त्याला आठवेना. त्याला वाटायचे, ती कोणालाच जवळ घेत नाही, तिचा स्वभावच तसा. आज कळत होते की स्वभाव तसा नव्हता. दुपार होती, स्टूल होते, तेल होते, आणि ते सगळे एकट्या लेंगला मिळाले होते. कुंड गेले तर एक वेळ जाऊ दे, पण या दुपारी आपल्याला का मिळाल्या नाहीत, असे त्याला वाटले. आणि त्यात दुःखाहून द्वेष अधिक होता.

"तुला काय कमी होतं रे?" तो म्हणाला. "सगळं तुलाच."

"सगळं?" पहिल्यांदाच लेंगचा आवाज चढला. "बाजारात गेली की ती एकच बोलायची. माझा थोरला सरकारात आहे. माझा थोरला पंखा घेऊन आला. माझ्या थोरल्याच्या सहीशिवाय लोकांची कामं होत नाहीत. मी पिशवी धरून शेजारी उभा असायचो दादा. कोणी विचारलं, हा कोण, तर म्हणायची, हा घरीच असतो. तुझं नाव घेताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते तू कधी पाहिलंच नाहीस. मी पाहिलाय. मलाही जळायला होतं."

मामांनी घसा साफ केला.

"ते असो. राख लेंग ओतेल, हे मी—"

"वहिनी," लेंग म्हणाला, "दादाचे केस कापलेत ती कात्री द्या."

स्यू हूनने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग मामांकडे, आणि मग ओट्यावरून कात्री आणून दिली. आपण का देतोय, हे तिला कळत होते आणि तिला त्याची लाजही वाटत होती. पण तिने दिली. लेंगने रबर काढले, कात्री च्वानच्या हातात ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसला.

"काप."

"अरे ए!" मामा उभे राहिले. "उदबत्ती जळतेय अजून! एवढी विझू दे. थोडक्यासाठी शंभर दिवस घालवशील."

"म्हणूनच आत्ता, मामा. विझल्यावर कापले तर मी सुतक पाळणारा ठरतो. मी काय पाळलं ते मला माहितीये. आई गेली नसती तरी हे असेच असते. दादा म्हणतो ते खरंच आहे ना?" तो मागे न वळता म्हणाला. "काप, दादा. मग आपण दोघेही सारखेच नालायक. मग थोरला कोण, एवढंच उरतं."

च्वानने केस मुठीत धरले. जड होते, गार होते. आणि त्यांना वास होता. चहाच्या बियांच्या तेलाचा, आईच्या अंबाड्याचा, दुपारच्या झोपेत तिच्या पाठीशी पडलेल्या लहानपणाचा. शंभर दिवसांनंतरही तो वास कसा राहिला, असे त्याला वाटले. आता आपले डोळे भरून येतील, आपण कात्री टाकून देऊ, असेही त्याला वाटले. तसे काही झाले नाही. पहिल्या फटक्याला त्याला बरे वाटले, आणि आपल्याला बरे वाटतेय हे जाणवून तो घाबरला. मग त्याने भराभर कापले, वेडेवाकडे, लवकर संपावे म्हणून.

बी ल्यानने तोंडाला सदऱ्याची बाही लावली. लेंगचे कान बाहेर आले. दोघा भावांचे कान अगदी सारखे होते, वडिलांसारखे, जरा बाहेर आलेले, आणि ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात आलेली नव्हती.

मामा पुन्हा खुर्चीत बसले. मग त्यांनी नाणी च्वानकडे सरकवली.

"टाक. विचार तिला."

च्वानने टाकली. एक छापा, एक काटा.

"जेवली," मामा म्हणाले, आणि बी ल्यान रडू लागली.

आईनेही लेंगचेच ऐकले, एवढेच च्वानच्या मनात आले.

त्याने राख ओतली. कुंड उचलून तांबड्या फडताळावर ठेवले, दिवा लावला. खाली पटांगणात जाऊन सगळ्यांचे काळे तुकडे कागदी नोटांबरोबर जाळले, आणि मामांनी प्रत्येकाच्या मनगटाला तांबडा दोरा बांधला. जे जे थोरल्याने करायचे ते ते सगळे त्याने केले, आणि सगळे यथासांग झाले.

मग जेवणे झाली. शेजारपाजारचेही आले. जो येई तो लेंगच्या डोक्यावरून हात फिरवी. मामा दोनदा म्हणाले, पोराचं मन मोठं. बी ल्यानने वाडग्यातला बदकाचा पाय त्याच्या भातावर ठेवला. स्यू हूनने, हो, स्यू हूननेसुद्धा, वाटीभर सूप त्याला आधी वाढले. फडताळावर कुंड होते, आणि कोणीही तिकडे बघत नव्हते.

निघताना लेंगने केरसुणी मागून घेतली आणि जमिनीवरचे केस स्वतः गोळा केले. वाकला तेव्हा त्याच्या खिशातून काहीतरी खाली पडले. लाकडी होते, एका बाजूने मोडलेले. च्वानने उचलले. आईची फणी, अर्धी. दातांत लांब काळे केस अडकलेले, आणि त्यांच्यात गुंतलेले दोन-चार पांढरे.

बी ल्यानने ती पाहिली आणि मान फिरवून ताटल्या उचलू लागली.

"ही इथे राहू दे का?" च्वान म्हणाला. त्याने सहज म्हटल्यासारखे म्हणायचा प्रयत्न केला. "कुंडापाशी ठेवतो. आणि तुला आता काय उपयोग?"

लेंगने आपल्या वेड्यावाकड्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. मग त्याने दुसरा हात पुढे केला.

"नाही दादा," तो म्हणाला. "कुंड घे, घर हवं म्हणालास तर तेही घे. ही नाही."

च्वानने फणी त्याच्या हातावर ठेवली. ठेवायला त्याला जरा वेळ लागला. लेंग एक मजला पायी उतरला, नवव्यावर लिफ्टचे दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. च्वान आत आला, दिव्याची वात उगाच सारखी केली, आणि कुंडासमोर उभा राहून त्याने आपल्याच डोक्यावरून, पुढून मागे, बोटांनी एकदा विंचरून पाहिले. केस फार आखूड होते. बोटांना काही लागले नाही.